अहमदपूरचा रस्ता ओलांडताना

कुठं डांबर टाकायला लागले, की त्या वासासरशी मला अहमदपूरचं बसस्टँड आठवतं. लग्न नवं होतं. स्टँडसमोरच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं; धूळ, खडीचे ढीग आणि त्यातून धावणारे ट्रक. आम्ही बांगड्या भरायला निघालो होतो. चारचौघांत हे नेहमी माझ्यापुढं चालायचे. मी रस्त्याच्या मधोमध घाबरून थांबले, तसे हे मागं आले आणि त्यांनी माझा हात धरला. “सोडा की, लोकं बघून राहिलेत,” मी पुटपुटले. “बघू दे. तू चल.” पलीकडं पोचल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. आता तिथं दुभाजक आहे, पांढरे पट्टे आहेत, सिग्नलला गाड्या थांबतात. हे गेल्यापासून मी एकटीच ओलांडते. भीती मुळीच वाटत नाही. थोडी वाटावी, असं मात्र फार वाटतं.