ईश्वरीचे बोल

अडीच वर्षांची झाली तरी ईश्वरी बोलत नाही, हा घोर सुकन्याच्या जिवाला लागला होता. डॉक्टरांनी कान तपासले आणि वाट बघायला सांगितलं. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाताना ती पोरीला शेजारच्या नरसम्माकडे ठेवायची.

एके दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून ती दुपारीच परतली. नरसम्मा विड्या वळत बसली होती. ईश्वरी तिला स्पष्ट म्हणाली, "नीळ्ळु कावाली." नरसम्मानं पेला भरून दिला.

सुकन्या उंबऱ्यातच थिजली. "ही काय म्हणली?"

"पाणी पायजे म्हणली की. तेलुगूत लई बोलती. तुला ठाऊक न्हाय?"

सुकन्याला आठवलं. हेच शब्द पोर घरी रोज जेवताना म्हणायची आणि रडायची. मोडनिंब गावात वाढलेल्या सुकन्याला तेलुगूचा गंध नव्हता. नुसती बडबड समजून ती पुढचा घास भरवायची.

"अजून पाणी पायजे का, हे कसं इचारायचं?" तिनं विचारलं. नरसम्मानं सांगितलं.

सुकन्या अडखळत म्हणाली, "इंका नीळ्ळु कावाला?"

ईश्वरी आईकडे बघतच राहिली. मग तिला बिलगून भडाभडा बोलत सुटली. सुकन्याला त्यातलं एक अक्षरही कळेना.