मागे रेलून बसलो

“त्या म्हाताऱ्याला काढा. तरणा माणूस द्या. आमचा चँपियन बसणार आहे.”

दस्तुरी नाक्यावर साहेब असं म्हणाले तेव्हा तो म्हातारा हातरिक्षाचे दांडे धरून उभा होता. तो माझा बाप होता. मी ओळख दाखवली नाही.

मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्याचा सायकलपटू. बोरघाटाची शर्यत लागोपाठ तीनदा मारलेली. त्या खुशीत कारखान्याच्या साहेबांनी मला माथेरानला आणलं होतं. नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी, म्हणून रिक्षा. साहेबांना वाटायचं, मी कर्जतच्या बऱ्या घरचा. मीच तसं सांगितलं होतं. डोंगराखालच्या ठाकरवाडीतला म्हटलं असतं तर मला हमाली मिळाली असती, सायकल नाही. असं मला वाटायचं.

बापाने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या साहेब. मीच नेतो. पोरगं जड नाय.”

बसलो. पुढे बाप, मागून ढकलणारे दोघे. त्यांनीही ओळखलं असणारच. लहानपणी त्यांच्याच बरोबर मी ही रिक्षा ढकलायचो. चढ कसा मारायचा हे मला कुठल्या कोचने शिकवलं नाही. “वर बगू नको रं, पायाखालची माती बग,” एवढंच बाप म्हणायचा. तेवढ्यावर मी सगळे कप आणले.

चढावर बसणाऱ्याने पुढे झुकायचं असतं. मागे रेललं की दांडे वर उचलले जातात आणि ओढणाऱ्याचा जीव ते खाली दाबण्यातच जातो. आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण झुकलो असतो तर साहेबांना कळलं असतं, याला हे काम माहीत आहे. म्हणून मी मागे रेलून बसलो. साहेबांसारखा, पायावर पाय टाकून. बापाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या दिसत होत्या. लाज वाटली. तरी रेललेलाच राहिलो.

बाप त्यावर कधी बोलला नाही. मीही नाही. तसाच गेला तो.

पुढे गुडघा निकामी झाला आणि कारखान्याने मला फाटकावर बसवलं. पाहुणे आले की साहेब हाक मारायचे, “चँपियन, पँट वर कर. पोटऱ्या दाखव.” मी दाखवायचो. एकदा एका पाहुण्याने बाजारात बैल चाचपावा तशी पोटरी चाचपली. साहेब हसून म्हणाले, “बऱ्या घरचं रक्त आहे.”

माझं डोकं फिरलं.

“नाय साहेब. माझा बाप माथेरानला रिक्षा ओढायचा. तुमी त्याला काढा म्हणाला होतात. त्यानंच मला वर नेला. आन मी बसून ऱ्हायलो.”

पँट खाली केली. त्यानंतर कोणाला पोटरी दाखवली नाही.

लोक म्हणतात, बापाने माफ केलं असेल. केलं असेल. मी केलेलं नाही, करणारही नाही. आजही कोणी सत्काराला बोलावलं तर आधी हे सांगतो, मग शर्यती. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी मला बोलावू नये.