नांदून राहिली

आमचं केंद्र कर्वेनगरात, दवाखान्यामागच्या एका खोलीत होतं. घरात मार खाणाऱ्या बायका तिथे यायच्या. मी आणि माझी सहकारी त्यांचं ऐकून घ्यायचो, वकील गाठून द्यायचो, चौकीत आणि कोर्टात सोबत जायचो. सगळं सरकारी अनुदानावर. शहरात आयटी कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, आणि सरकारला मात्र आमची एक खोली जड झाली. निधीला कात्री लागली, आणि कोणती केंद्रं ठेवायची ते तपासणी करून ठरवू, असं कळवलं.

करा की तपासणी! लोकांचा पैसा आहे, जाब विचारायलाच हवा. मी मंडईत पाव किलो गवारीचाही जाब विचारते. पण यांचा प्रश्न काय, तर 'तुमच्याकडे येऊन किती जणी परत नांदायला गेल्या?' जास्त गेल्या तर केंद्र यशस्वी. माझं डोकंच फिरलं. अहो, बाईला परत मार खायला धाडलं की आम्ही पास?

"तोंड आवर," सहकारी म्हणाली. "कुलूप लागलं तर त्या यवतमाळच्या पोरीनं कुणाकडे बघायचं?"

ती पोरगी हडपसरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. नवराही त्याच क्षेत्रातला, चारचौघांत गोडबोल्या, दार लागलं की हात उचलणारा. आम्ही तिला कर्वेनगरातल्या त्या घरातून बाहेर काढलं होतं. आता हडपसरला एक खोली घेऊन ती लहान मुलीबरोबर राहत होती. कोर्टात केस चालू होती, आणि प्रत्येक तारखेला आमच्यापैकी एक जण तिच्या शेजारी बसायची. केंद्र बंद पडलं असतं तर त्या माणसासमोर ती एकटी पडली असती.

तपासणीला साहेब आले. पक्के पुणेरी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आम्ही त्या पोरीला मुद्दाम बोलावलं होतं.

"काय ताई, नांदताय ना आता?" साहेबांनी विचारलं.

एरवी ऑफिसातलं अर्धं इंग्रजी बोलणारी पोरगी, पण घाबरली की थेट माहेरच्या बोलीत जायची. "हो न साहेब. मी तं मस्त नांदून राहिली."

विदर्भात 'नांदून राहिली' म्हणजे नुसतं 'नांदतेय'. पुणेरी कानाला ऐकू आलं ते असं की बाई सासरी नांदली आणि तिथेच राहिली. साहेबांचा चेहरा खुलला. "वा, समेट झाला म्हणजे!" त्यांनी पेन उघडलं. टेबलाखाली सहकारीनं माझ्या पायावर पाय दिला. खरं सांगते, दिवसभर टकळी चालवणारी मी, पण जीभ टाळ्याला चिकटली. म्हटलं, राहू दे, कुणाच्या बापाचं काय जातंय!

"सासरचा पत्ता सांगा."

तिनं हडपसरचा सांगितला.

साहेबांनी फाईल पाहिली. "सासर तर कर्वेनगरात आहे ना तुमचं?"

"हे माहं घर आहे साहेब. मी न माही पोरगी. तिथंच नांदून राहिली."

झालं! पेन हवेतच थांबलं. "अहो, एकटीनं राहण्याला नांदणं म्हणत नाहीत."

पण ती थांबली नाही. "तिकडं होतो तवा पोरगी पलंगाखाली झोपे. आता पलंगावर झोपते. मंग साहेब, नांदणं कोनतं?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि जीभही सुटली. "साहेब, हिशेब जरूर मागा. पण बाई सुखरूप आहे का, ते विचारा. उत्तर देता आलं नाही, तर खुशाल कुलूप ठोका."

साहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "हडपसरचा पत्ता परत सांगा. सावकाश." आणि त्यांनी तो लिहून घेतला.

अनुदान आलं. उशिरा आलं, आणि कापूनच आलं. आम्हा दोघींचं मानधन कमी झालं, पण खोली उघडी राहिली. तिच्या पुढच्या तारखेला आम्ही दोघीही गेलो, जरा मिरवतच.

थोड्या दिवसांनी एक आई लेकीला घेऊन आली. लेकीनं सुजलेला गाल पदरानं झाकला होता. "बाई, हिची समजूत काढा," आई म्हणाली. "नांदायला पाठवा हिला."

मी लेकीला विचारलं, "नांदायचंय तुला?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"कुठे?" मी विचारलं.

आई माझ्याकडे बघतच राहिली. लेकीचा पदर घसरला, तिनं सावरला नाही. "असं ठरवता येतं, बाई?"

"येतं की," मी म्हटलं. "तिकडे हडपसरला एक जण नांदून राहिली."