वैशाखातला तिळगूळ

आमच्या समोरच्या काकूंइतकी अगत्याची बाई अख्ख्या सोलापुरात झाली नसेल. बाकीच्या बायका हळदीकुंकू करत वर्षातून एकदा-दोनदा, काकू करत रोज. आणीबाणीच्या आगेमागे त्यांची स्मरणशक्ती पार गेली, सकाळी जेवलेलं दुपारी आठवेना. पण संक्रांतीचं हळदीकुंकू राहिलंय, एवढं मात्र त्या विसरत नसत. भर वैशाखात जरीचं लुगडं नेसून दारोदार सांगत फिरत, "सांजच्याला या की गं तिळगूळ घ्यायला!" एकदा तर आवतण देत सात रस्ता चौकापर्यंत गेल्या आणि तिथल्या पोलिसाला म्हणाल्या, "मालकिणीला धाडून द्या बरं का."

तेव्हा मात्र डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या सुरू केल्या. पहिल्याच दिवशी काकूंनी त्या वाण म्हणून वाटून टाकल्या, आणि बायका एकेक गोळी परत आणून देताना हसून हसून बेजार झाल्या. पुढे काका स्वतःच्या हातानं गोळी देऊ लागले. मग काकू दिवसभर कोपऱ्यात मान टाकून बसत.

"शांत झाली बगा," काका माझ्या आईला म्हणाले, "पर घरात माणूस हाय असं वाटंना."

आईनं डॉक्टरांना गाठून विचारलं, "रोज आमी बायका जाऊन बसलो तर?" ते म्हणाले, "बसा. गोळी कमी करून बघू." आईनंच घरोघर फिरून बायका गोळा केल्या. काका तिळाऐवजी शेंगदाणे-गूळ ठेवत, काकू तोच उखाणा पुन्हा पुन्हा घेत, आणि गल्लीला पुन्हा जाग आली.

आई स्वतः मात्र उंबऱ्याबाहेर थांबे. माझे वडील वारले होते, आणि विधवेनं हळदीकुंकवाला जायचं नाही अशी रीत. काकूंच्या ते कुठलं लक्षात! एकदा त्या करंडा घेऊन थेट बाहेर आल्या.

"अगं, तू अशी लांब का? मालक गावाला गेल्यात व्हय?" म्हणत त्यांनी आईच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं.

काका घाईनं पुढं आले, पण आईनं त्यांना हातानंच थांबवलं.

"व्हय काकू," ती म्हणाली, "गावाला गेल्यात."

त्या दिवसापासून आई आत बसू लागली. परतताना कुंकू पुसायची, पण आमच्या दाराशी आल्यावर.

काकू गेल्या, आणि आईला बोलावणारं कुणी उरलं नाही. तरी संध्याकाळी तोंड धुऊन, पदर सारखा करून ती दारात उभी राही. कुणाची वाट बघतेस, असं मी एकदा विचारलंच.

"कुणाची न्हाय गं," ती म्हणाली. "काकूंची हाक यायची वेळ हाय ही."