खालचे आणि वरचे

सिमेंटच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘खालचे’ म्हणायचे, कारण ते सायलोच्या, म्हणजे सिमेंटच्या उंच कोठीच्या, तळाशी उभे असायचे. वर, हवेच्या टाकीपाशी असायचे ते ‘वरचे’. खालच्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

दमट हवेत सिमेंट कोठीच्या भिंतींना चिकटतं, आतल्या आत कमान धरून बसतं, आणि खाली चिमूटभरही पडत नाही. मग टाकीत दाबून भरलेली हवा एका दणक्यात आत सोडायची. कमान कोसळते, माल धो धो वाहायला लागतो. पण त्याच वेळी खालचं झाकण उघडून कोणी आत डोकावत असेल, तर त्याचं काही खरं नाही. म्हणून वरच्याने विचारायचं, खालच्याने बघून सांगायचं.

“सोडू?”

“सोड!”

आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघांचं फाटलं, त्यानंतर भावाभावांत एवढंच बोलणं उरलं होतं. कॅन्टीनमध्ये दोन टोकांना दोन पाठी. घरी तर खालच्यांशी बोलायला कुणीच नव्हतं. बायको गेल्यापासून कुकर शिट्टी द्यायचा, तेवढाच आवाज.

एके दिवशी फिटर पान्हा फिरवत आला.

“खालचे, उद्यापासून घशाला सुट्टी! टायमर बसला. आधी भोंगा, मग हवा. विचारणं नाही, सांगणं नाही.”

“आणि वरचे?”

“त्यांना पॅकिंगला टाकलंय. का हो, करमणार नाही?” फिटर हसत निघून गेला.

त्या दिवशी दुपारभर माल सुरळीत वाहत राहिला. एरवी दर तासाला छळणारं सिमेंट आज मेलं अडकायलाच तयार नव्हतं. खालचे कोठीकडे बघत बसले. पाळी संपत आली तेव्हा एकदाची धार बारीक झाली, थांबली. त्यांनी हातोडी मारून पाहिली. कमान धरली होती.

“सोडू?”

झाकण बंद होतं, आसपास कुणी नव्हतं. शब्द ओठांवर आला. त्यांनी तो गिळला.

“सोडू का?”

खालच्यांनी हातोडी खाली ठेवली.

“ए, झोपलास की काय?”

आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, “दादा?”

लोखंडी जिना धडधडला. वरचे धापा टाकत समोर उभे राहिले, भुवयांपर्यंत पांढरे.

“काय झालं? लागलं कुठे?”

“नाही.”

“मग तोंडाला कुलूप घातलं होतंस? इथे माझा जीव टांगणीला!”

“उद्यापासून टायमर आहे.”

“माहितेय मला.”

“मग मला कोण विचारणार?”

वरच्यांनी हात पँटला पुसले. हात तसेच पांढरे राहिले.

“म्हातारा झालास,” ते म्हणाले.

“तूही काही लग्नाचा राहिला नाहीस.”

वरचे वळले आणि जिना चढून गेले. हळूहळू. खालच्यांना एकेक पाऊल ऐकू येत होतं.

“दादा, सोडू?”

खालच्यांनी झाकण पुन्हा एकदा चाचपलं. घट्ट होतं. मघाशीही घट्टच होतं.

“थांब जरा!” ते ओरडले.

“थांबलोय,” वरून आवाज आला.