प्लॅस्टिक राहू दे

नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. तो माझ्या नवऱ्याने केला आणि अंमलबजावणीही तोच करतो. टीव्हीचा रिमोट पारदर्शक पिशवीत, वर रबर. फ्रिजच्या हँडलला कापडी बाह्या. स्कूटरच्या सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक होतं, ते उन्हाने तडकलं तेव्हा सीट मोकळी होईल म्हणून मी खूश झाले, तर त्याने माझ्याकडूनच त्यावर कव्हर शिवून घेतलं.

त्याची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. तिथे वस्तू वापरली की कमी होते आणि झाकून ठेवली की शिल्लक राहते. रिटायर होऊन कर्जत सोडलं, आम्ही नगरला सावेडीच्या फ्लॅटमध्ये आलो, पण स्टोअर काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्यात मी पडले घरी ब्लाउज शिवणारी, त्यामुळे कव्हरांना तोटा नाही. आमचा मिक्सर माझ्या काही गिऱ्हाइकांपेक्षा चांगल्या फिटिंगचे कपडे घालतो.

या घरात गेमचा कन्सोल आला तो मुलामुळे. तो तेव्हा कॉलेजात होता. मोटारींच्या शर्यतीचा गेम, दोन कंट्रोलर, आणि दुसरा धरायला कुणी नव्हतं म्हणून त्याने मला बसवलं. मी आधी नाक मुरडलं. पण शिलाई मशीनच्या पेडलवर पाय बसलेल्या बाईला वेग कुठे वाढवायचा आणि वळणावर कसा सोडायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. पायातली अक्कल बोटात यायला थोडा वेळ लागला, एवढंच. नंतर मी त्याला असं काही हरवायला लागले की तो म्हणायचा, "आई, तुझ्याकडे स्कूटरचं लायसन्स तरी आहे का?"

नोकरी लागून तो बंगलोरला गेला. जाताना कन्सोल आम्हाला ठेवला, तिकडे स्वतःसाठी दुसरा घेतला. दर रविवारी संध्याकाळी तो तिथून आणि मी इथून, कानाला हेडफोन लावून शर्यत. फोनवर आमचा मुलगा बोलतच नाही. जेवलास का, हो. बरं आहे ना, हो. शर्यतीत मात्र साहेब कसा वागला, रूमवरचा स्वयंपाकवाला का पळाला, सगळं सांगत सुटायचा. हात गुंतले की माणसाचं तोंड सुटतं. गिऱ्हाईक माप देताना कशी घरातली सगळी बातमी देऊन जातं, तसंच. त्यामुळे रविवारची ती शर्यत म्हणजे माझ्यासाठी माझा मुलगाच होता. ती बंद पडली असती तर पुढचं सगळं आयुष्य मला 'जेवलास का'वर काढावं लागलं असतं.

आणि ती बंद पडली.

गेमचं काहीतरी मोठं अपडेट होतं, म्हणून दुपारी मी कन्सोल चालू ठेवून, टीव्ही बंद करून मशीनवर बसले. नवऱ्याने बघितलं, पडदा काळा. म्हणजे सगळं बंद. त्याने कन्सोलवर मी शिवलेलं कव्हर घातलं, धूळ जाऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि समाधानाने झोपायला गेला. संध्याकाळी कव्हर काढलं तर आत कन्सोल भजी तळता येतील इतका तापलेला. त्यानंतर तो उठलाच नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि आतल्या बोर्डाने जीव सोडलाय असं सांगितलं.

"मी धूळ बसू दिली न्हाई कधी त्याच्यावर," नवरा म्हणाला. ते खरं होतं. तो अगदी स्वच्छ मेला.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे आई, मी पण आता कॉम्प्युटरवरच खेळतो. तिथे गेम भारी दिसतो. दिवाळीला आलो की तुला एक कॉम्प्युटर जोडून देतो."

"दिवाळीपर्यंत?"

"हो. तू हात लावू नकोस. सगळे भाग वेगवेगळे घेऊन जोडायचे असतात, तुला नाही जमणार."

शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. 'तुला नाही जमणार' ऐकून गप्प बसणाऱ्या बायकांतली मी नाही. दुसऱ्या दिवशी हातातले ब्लाउज बाजूला ठेवले आणि व्हिडिओ बघायला बसले. ते सगळे हिंदीत, आणि बोलणारा प्रत्येक पोरगा कुठे आग लागल्यासारखा ओरडत होता. पण दोन-चार बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की हे शिवणकामच आहे. मदरबोर्ड म्हणजे अस्तर. त्यावर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आपापल्या खाचेत बसवायचं. सुलटी बाजू ओळखायची, जोर लावायचा नाही, आणि काही बसत नसेल तर चूक आपली आहे असं समजायचं.

सामान घ्यायला खाली गावात गेले. दुकानदाराने माझ्या हातातली यादी वाचली आणि अदबीने विचारलं, "मुलासाठी का, काकू?"

"नाही. काकूसाठी."

त्याने मान वर करून बघितलं आणि मग मात्र खुर्ची पुढे केली. नगरच्या उन्हाळ्यात कंपनीने प्रोसेसरबरोबर दिलेला छोटा पंखा पुरणार नाही, वेगळा मोठा कूलर घ्या, असं त्यानेच सुचवलं. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू, तो तापतो, आणि त्याच्या डोक्यावर हा कूलर बसतो. मला पटलं. तापट डोक्यांबरोबर मी बरीच वर्षं संसार केलाय, त्यात एक माझंच आहे.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. नवरा मोबाईलचा टॉर्च धरून उभा. मी म्हटलं होतं तुम्ही बातम्या बघा, पण खोकी उघडायची म्हटल्यावर स्टोअरकीपर कसला हलतोय! त्याने स्क्रू आकाराप्रमाणे वाट्यांत लावले. प्रत्येक पिशवी घडी करून ठेवली. मी हात पुढे केला की विचारायचा, "पुढचा माल इश्यू करू का?" खरं सांगते, तो माणूस इतका आनंदात मी कारखाना सुटल्यापासून पाहिला नव्हता. कूलर तर त्याने मऊ फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. मी प्रोसेसरवर थंडावा पोचवणारी ती करडी पेस्ट टिकलीएवढी लावली, वर कूलर ठेवला आणि चारही स्क्रू आवळले. कॅबिनेटच्या काचेवर दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक होतं, ते काढायचं नाही असं ठरलं. संसारात कुठलं भांडण करायचं आणि कुठलं सोडायचं हे निवडावं लागतं.

एकाच गोष्टीवरून वाजलं. मला कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत, त्याच्या टेबलावर ठेवायचा होता.

"त्याची खोली हाय ती," नवरा म्हणाला. "आला की त्याला नवी दिसाय पायजे."

ती खोली म्हणजे आमच्या स्टोअरचा सगळ्यात मौल्यवान माल. टेबलावर प्लॅस्टिक, खुर्चीवर प्लॅस्टिक, आणि तो गेला त्याच महिन्यात आणलेली नवी गादी अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये. दिवाळीत तो येतो तेव्हा वर चादर टाकून झोपतो. त्याने कूस बदलली की भिंतीपलीकडे आम्हाला कर्रकर्र ऐकू येतं. "आई, मला पार्सलमध्ये झोपल्यासारखं वाटतं," असं तो एकदा हसत म्हणाला होता. दोन रात्री कशाबशा काढतो आणि काम निघालं म्हणून जातो. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं नव्हतं. कॉम्प्युटर हॉलमध्येच राहिला.

बटण दाबलं आणि पंखे फिरले, दिवे लागले, नव्या मॉनिटरवर अक्षरं उमटली. मी टाळी वाजवली. जुन्या कन्सोलचा कंट्रोलर झिपच्या पिशवीत जपलेला होता, तोही चालला. मुलाला फोटो पाठवला तर त्याने लगेच फोन केला, आणि पहिल्यांदाच 'जेवलीस का' त्याने विचारलं. "आई, तू खरंच जोडलास? एकटीने?" मी म्हटलं, "हेल्पर होता एक." नवरा मागे ताठ बसला.

रविवार आला. शर्यत सुरू झाली, गाड्या इतक्या सुंदर दिसत होत्या की मी पहिलं वळण बघण्यातच घालवलं. साहेब बदलल्याचं मुलगा सांगत होता. नवा साहेब कसा आहे ते सांगणार, तेवढ्यात कॉम्प्युटर फट्कन बंद झाला. मी परत चालू केला. परत शर्यत, परत बंद. फोन वाजला.

"आई, काय झालं?"

"लाईट गेली रे."

माझ्यामागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, टीव्हीवर बातम्या लागल्यात, हळू बोल की, कुनाशी बोलतीस?"

पलीकडे मुलगा हसला. "असू दे आई. दिवाळीला बघतो मी. तोपर्यंत तू टेन्शन घेऊ नकोस. तसंही ऑफिसमधली मुलं मला रविवारी बोलावतात खेळायला, मी त्यांच्याबरोबर खेळत जाईन."

त्याने हे माझा जीव हलका व्हावा म्हणून सांगितलं. मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. रविवार एकदा दुसऱ्याला दिला की परत मिळत नाही. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा नसताना रडले.

सकाळी कॉम्प्युटर परत टेबलावर घेतला. मेंदू तापून तो स्वतःच बंद होत होता, एवढं व्हिडिओवरून कळलं होतं. पण एवढा मोठा कूलर असताना तापतो कसा? मी कूलरचे स्क्रू सोडवायला लागले तसा शेजारी उभा नवरा चुळबुळ करायला लागला.

"त्याच्या बुडाला एक पातळ प्लॅस्टिक हुतं," तो शेवटी म्हणाला.

"कुठं?"

"बुडाला. एक कोपरा सुटला हुता. मी आंगठ्यानं दाबून नीट बसवला. म्हटलं नवं हाय, राहू दे."

कूलर उपसला. खरंच, चकचकीत तांब्यावर पारदर्शक पापुद्रा, त्यावर माझी पेस्ट, आणि तापलेला मेंदू त्या प्लॅस्टिकखाली गुदमरलेला. पापुद्र्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत काढून टाका असं लिहिलेलंही होतं. माझं डोकं असं तापलं की त्यावर कुठलाच कूलर चालला नसता.

"कन्सोल गुदमरवला, हा गुदमरवला," मी ओरडले. "आणि पोरगा दोन रात्रींच्या वर का राहत नाही माहिताय? त्या कर्रकर्र करणाऱ्या गादीवर तुम्ही तरी झोपाल का? नवी ठेवलीत ना खोली? राहा बघत तिच्याकडं."

नवरा तो पापुद्रा हातात घेऊन खिडकीशी उजेडात धरून वाचत राहिला. मी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर बसवला. कॉम्प्युटर चालू केला, गेम लावला. दुपार सरली तरी बंद पडला नाही. माझ्या जिवात जीव आला, पण आनंद सांगायला वळले तर नवरा जागेवर नव्हता.

मुलाच्या खोलीतून आवाज येत होता. मोठ्या पन्ह्याचं कापड टराटरा फाडल्यासारखा. दारात जाऊन बघितलं तर त्याने गादी कॉटवर उभी धरली होती आणि एका हाताने तिचं प्लॅस्टिक ओढत होता. टेबल, खुर्ची आधीच मोकळी झाली होती. मला बघून म्हणाला, "आन तुजा कॉम्प्युटर हितं." मग सगळं प्लॅस्टिक घडी घालून माळ्यावर ठेवलं. ते फेकून देईल अशी अपेक्षा माझीही नव्हती.

मुलाला मी एवढंच कळवलं की या रविवारी एकदा बघ, बंद पडला तर त्या मुलांबरोबर खेळ. तो आला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. कॉम्प्युटर शांतपणे पंखे फिरवत होता. नवा साहेब बरा निघाला, हेही कळलं.

"पप्पा कुठेत?" त्याने विचारलं.

"इथेच, माझ्या मागे. तुझ्या खोलीत आहोत आम्ही. कॉटवर बसलेत."

"बसलेत?"

"हो, आत्ताच बसले."

"मग आवाज कसा नाही आला?"

मी सांगितलं. त्याची गाडी वळणावर सरळ गेली आणि भिंतीला धडकली. मी पुढे निघून गेले.

"आई, पुढच्या शुक्रवारी निघतो मी," तो म्हणाला. "चांगला आठवडाभर येतो. झोपायला."

मला गाडी सोडता येईना, म्हणून मान मागे वळवून नवऱ्याला सांगितलं, पोरगा येतोय, आठवडाभर. तो उठला, गादीवरची सुरकुती तळहाताने नीट केली, आणि वाकून माझ्या तोंडाजवळच्या माईकमध्ये म्हणाला, "ये. पन पाय धुऊन चढ."