उसाच्या ट्रॉलीमागचा कॅमशाफ्ट

प्रशांतनं खोकं उघडून कॅमशाफ्ट माझ्या टेबलावर ठेवला. “सलीमभाई, रेसिंगचा आहे. हाच बसवायचा.”

बारामतीत माझं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या इंजिनांत गेली. त्यामुळं कळंबच्या मंगलताईंची जुनी, गोल पाठीची मोटार माझ्याकडं आली तेव्हा मला कोण आनंद झाला. इंजिन मागच्या बाजूला, रेडिएटर नाहीच. नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं इंजिन.

मंगलताई नर्स म्हणून रिटायर झालेल्या. त्यांची थोरली बहीण कऱ्हाटीला एकटीच राहते, गुडघ्यांनी बसवून ठेवलेली. ताई दर आठवड्याला गाडी घेऊन तिच्याकडं जायच्या. गाडी बंद पडली आणि एसटी बदलत जाणं त्यांना झेपेना. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. त्यानं बजावून ठेवलं होतं, ही शेवटची दुरुस्ती. नीट चालली नाही तर गाडी विकायची, गिऱ्हाईक तयार आहे.

प्रशांत कॅमशाफ्ट घेऊन आला तेव्हा इंजिन दोन फाकांत उघडं पडलेलं. व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडे राहणार, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. या इंजिनात तो दोन फाकांच्या मधे बसतो. निवड चुकली तर पुन्हा सगळं खोला. प्रशांतच्या कॅमशाफ्टमुळं व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहणार होते, म्हणजे पळताना इंजिन भरपूर हवा ओढणार. खरं सांगतो, माझेही हात शिवशिवले. “बसवतो,” म्हणालो.

प्रशांत गेल्यावर स्टुलावर बसलेल्या मंगलताईंनी विचारलं, “भाऊ, टॉलीमागं चालंल का ही?”

“ताई, टॉलीला मागं टाकंल!”

“कशी टाकंल? कारखाना सुरू झाल्यावर तुमी कळंबला कदी आलाच न्हाय वाटतं.”

मला राग आला. गाड्यांतलं मला कळतं की ह्यांना? माझ्या गाडीची चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, “चला, दावा.”

कळंबच्या निम्म्या वाटेवर ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ड्रायव्हरनं गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली, की आमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत जाईना. समोरून रिकाम्या ट्रॉल्यांची रांग. मंगलताई सेकंड गियरवर निवांत चालल्या होत्या. मी आरपीएमचा काटा बघत बसलो. दोन हजाराच्या वर जाईना.

माझं तोंड उतरलं. रेसिंगचा कॅमशाफ्ट तीन हजाराच्या पुढं जागा होतो. त्याखाली इंजिन आचके देतं. मग माणूस हाफ क्लचवर रेस करत राहतो आणि वाऱ्यावरचं इंजिन तापत जातं.

तिथूनच प्रशांतला फोन लावला. “मूळ मापाचाच कॅमशाफ्ट टाकतोय.”

“म्हणजे पुन्हा तीच मरतुकडी गाडी? मग रविवारी दुपारी मी गिऱ्हाईक आणतो.”

“आणा की. पन सकाळी गाडी तुमी चालवायची. टॉलीमागं.”

कॅमशाफ्टबरोबर त्याच्यावर घासणारे टॅपेटही नवे घातले. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन वीस मिनिटं थोडं चढंच ठेवावं लागतं, नाहीतर नवे भाग एकमेकांना खातात. ती वीस मिनिटं मी जागचा हललो नाही. इतकी भीती मला कुठल्या ट्रॅक्टरची वाटली नव्हती.

रविवारी प्रशांत स्टिअरिंगवर, मंगलताई शेजारी, मी मागच्या सीटवर. आमच्यामागं माझी गाडी घेऊन वर्कशॉपमधला फिटर. कालव्याच्या पुलाच्या चढावर पुढची ट्रॉली थांबल्यातच जमा झाली. प्रशांतनं सवयीनं पाय क्लचकडं नेला.

“ऱ्हाऊ दे,” मंगलताई म्हणाल्या.

त्यानं पाय काढला. गाडी सेकंडमधे, एकही आचका न देता, ट्रॉलीमागं रांगत पूल चढली. पुढं अर्धा तास तसंच. मग बाजूला घेऊन मी मागचं झाकण उघडलं, ऑइलची पट्टी काढून बोटांनी बघितली. गरम होती, पण हातात धरवत होती.

प्रशांत थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला. मग त्यानं गिऱ्हाइकाला फोन केला. “येऊ नका. गाडी द्यायची नाही.”

मला भरून आलं. मंगलताई मात्र तोवर ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या. “भाऊ, ह्याला तुमच्या गाडीतनं सोडा. मी अक्काकडं जाऊन येते.” आणि आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं करून त्या कऱ्हाटीला निघून गेल्यासुद्धा.

कॅमशाफ्ट निवडायच्या आधी गाडीच्या रस्त्यानं एकदा जाऊन यावं. एवढं कळायला मला तीस वर्षं आणि एक नर्स लागली.